विंडोज डॉट ओल्ड आणि विनएसएक्सएस: कोणतं काढायचं, कशाला हात लावायचा नाही

विंडोज नव्याने टाकली, मशीन सुरळीत चालू झालं आणि मग दिसतं की सी ड्राइव्हची पट्टी लाल झालीय. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपल्यावर ज्यांनी जुन्याच मशीनवर ११ चढवली, त्यांच्यापैकी १२८ जीबीची एसएसडी असलेल्यांना तर हे हमखास जाणवतं. जागा कुठे गेली ते बघायला सी ड्राइव्ह उघडला की दोन फोल्डर डोळ्यांत भरतात: थेट सी ड्राइव्हमधलं ‘विंडोज डॉट ओल्ड’ आणि विंडोज फोल्डरच्या आतलं ‘विनएसएक्सएस’. दोन्ही अनेक जीबींची, दोन्हींची नावं अडगळीसारखी. पण एक खरंच जुनं सामान आहे आणि दुसऱ्यावर तुमचं आत्ताचं मशीन चालतंय.

आधी विंडोज डॉट ओल्ड. ड्राइव्ह फॉरमॅट न करता विंडोज टाकली की जुनी विंडोज, जुनी प्रोग्रॅम फाइल्स आणि जुनं यूजर्स फोल्डर उचलून इथे ठेवलं जातं. आता तुम्ही विंडोज कशी टाकलीत ते महत्त्वाचं. चालू विंडोजमधूनच अपग्रेड केली असेल, तर तुमचे फोटो, फायली नव्या विंडोजमध्ये आलेल्या असतात. हे फोल्डर मुख्यतः परत जुन्या विंडोजवर जाण्याची सोय म्हणून असतं, आणि साधारण १० दिवसांनी विंडोज ते आपणहून काढून टाकते. पेन ड्राइव्हवरून बूट करून, फॉरमॅट न करता ‘कस्टम’ पर्यायाने टाकली असेल, तर गोष्ट वेगळी. तिथे परत जाण्याचं बटण मिळत नाही, आणि डेस्कटॉपवरचे, डॉक्युमेंट्समधले तुमचे जुने कागद फक्त याच फोल्डरात उरलेले असू शकतात. दुकानातून विंडोज टाकून आणली असेल, तर कशी टाकली हे आवर्जून विचारा.

म्हणून काढण्याआधी विंडोज डॉट ओल्डमधलं यूजर्स उघडा, तुमच्या नावाच्या फोल्डरात जा (परवानगी मागितली तर ‘कंटिन्यू’ दाबा) आणि हवं ते बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा. मराठी टायपिंग करणाऱ्यांनी आणखी एक जागा बघावी: विंडोज डॉट ओल्ड, त्यात विंडोज, त्यात फॉन्ट्स. श्रीलिपीसारख्या युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेले जुने अर्ज, पत्रिका, अहवाल तो फॉन्ट नसला की इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला दिसतो. फाइल बिघडलेली नसते, फॉन्ट मागे राहिलेला असतो. तो इथून उचलता येतो. हे फोल्डर एकदा पुसलं की ती सोय गेली.

काढायचं मात्र डिलीट बटणाने नाही. त्यातल्या बऱ्याच फायलींची मालकी सिस्टिमकडे असते, त्यामुळे अर्धवट पुसून परवानगीचे संदेश येत राहतात. सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज, टेम्पररी फाइल्स इथे जा आणि ‘प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन’वर खूण करा. त्याच यादीत ‘डाउनलोड्स’ही असतं. त्यावर चुकूनही खूण राहू देऊ नका, नाहीतर डाउनलोड केलेलं सगळं जाईल.

आता विनएसएक्सएस. व्हिस्टापासून विंडोजचे सगळे घटक इथे साठवले जातात. अपडेट बसवणं, काढणं, एखादी बंद ठेवलेली सुविधा चालू करणं, बिघडलेली सिस्टिम फाइल दुरुस्त करणं, हे सगळं याच्या जोरावर होतं. यातल्या फायली हाताने पुसल्या तर अपडेट अडकू शकतात, मशीन सुरूच न होण्यापर्यंत वेळ येऊ शकते. नेटवर कुणी ‘मालकी घेऊन उडवून टाका’ सांगत असेल, तर ऐकू नका.

शिवाय त्याचा दिसणारा आकार फसवा आहे. ‘सिस्टिम ३२’ या विंडोजच्या मुख्य फायलींच्या फोल्डरातल्या बहुतेक फायली इथल्याच फायलींच्या हार्ड लिंक असतात: डिस्कवर डेटा एकदाच, नावं दोन ठिकाणी. फाइल एक्सप्लोरर दोन्हीकडे मोजतो. एकाच माणसाचं नाव रेशनकार्डावर आणि मतदार यादीत असलं म्हणून घरात दोन माणसं होत नाहीत, तसंच हे. खरा आकार डिस्म या विंडोजमधल्याच, आज्ञा टाइप करून चालवायच्या साधनाच्या ‘अ‍ॅनालाइझ कंपोनंट स्टोअर’ या आज्ञेने कळतो. विंडोजशी सामाईक भाग किती, जुन्या अपडेटचा किती, आणि सफाईची शिफारस आहे की नाही, हे ती वेगवेगळं दाखवते.

शिफारस ‘येस’ असेल तर टेम्पररी फाइल्सच्या यादीतलं ‘विंडोज अपडेट क्लीनअप’ पुरतं. नव्या कोऱ्या विंडोजमध्ये जुनी अपडेट साचलेलीच नसतात, त्यामुळे इथून फारसं हाती लागत नाही. जागा मिळते ती विंडोज डॉट ओल्डमधून. डिस्मच्याच सफाईच्या आज्ञेला ‘रीसेट बेस’ हा पर्याय जोडायचा सल्ला बऱ्याच ठिकाणी दिसतो. त्याने थोडी अधिक जागा सुटते, पण तोवर बसलेलं कोणतंही अपडेट नंतर काढता येत नाही. एखाद्या अपडेटने प्रिंटर बंद पडला तर माघारीचा तो रस्ता लागतो, म्हणून घरच्या मशीनवर ते करू नये असं माझं मत आहे.