लुप्त लहान सस्तन प्राण्यांचे वस्तुमान-अनुमान

नामशेष झालेल्या लहान सस्तन प्राण्यांचे जिवंतपणीचे वस्तुमान त्यांच्या जीवाश्मरूप दातांच्या व हाडांच्या मोजमापांवरून ठरविण्याची ही पद्धती आहे. लहान सस्तन प्राण्यांत येथे मुख्यतः कृंतक (उंदीर, खार यांसारखे कुरतडणारे प्राणी), चिचुंद्र्या व त्यांचे आप्त, ससे आणि पिका (सशांचे आखूड कानांचे लहान आप्त) यांचा समावेश होतो. चयापचयाचा वेग, आयुर्मान आणि प्रजननाचा वेग या गोष्टी वस्तुमानाशी निगडित असल्याने पुराजीवविज्ञानातील पुष्कळ निष्कर्ष शेवटी याच एका आकड्यावर उभे असतात.

वस्तुमान माहीत असलेल्या आजच्या जातींची मोजमापे घेऊन त्यांचे आणि वस्तुमानाचे समाश्रयण समीकरण (एका राशीवरून दुसरीचा अंदाज देणारे सूत्र) मांडतात, व त्यात जीवाश्माचे माप घालतात. दोन्ही राशी लॉगरिथमच्या रूपात घेतल्या की संबंध बहुधा सरळ रेषेत येतो. अशा संबंधांसाठी ज्युलियन हक्सली व जॉर्ज तेसिये यांनी 1936 मध्ये ‘ॲलोमेट्री’ ही संज्ञा रूढ केली. सर्व प्राण्यांची ठेवण सारखीच असती, तर वस्तुमान लांबीच्या घनाच्या आणि क्षेत्रफळाच्या दीडाव्या घाताच्या प्रमाणात वाढले असते; प्रत्यक्षातील घात गटागणिक बदलतात.

अवसाद (साचलेला गाळ) बारीक चाळणीतून धुऊन काढल्यावर हाती लागतात ते बहुतांशी सुटे दात, कारण दातावरील एनॅमल हाडापेक्षा टिकाऊ असते. त्यामुळे पहिल्या खालच्या दाढेचे क्षेत्रफळ हे सर्वाधिक वापरले जाणारे माप ठरले. फिलिप गिंजरिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1982 मध्ये नरवानर गणासाठी दातांवर आधारलेली समीकरणे दिली, तर समँथा हॉपकिन्स यांनी 2008 मध्ये कृंतकांसाठी संपूर्ण दंतपंक्तीची लांबी वापरली. या मापांतील छोटीशी चूकही महागात पडते. दाढ 1 मिमी. लांब असेल आणि मोजताना केवळ 0.05 मिमी. जास्त धरली गेली, तर लांबी 5 टक्क्यांनीच वाढते, पण वस्तुमान लांबीच्या घनाप्रमाणे बदलते असे धरल्यास ते सुमारे 16 टक्क्यांनी फुगते.

दात की पायांची हाडे, हा या विषयातील जुना वाद आहे. दात आहाराप्रमाणे व वंशाप्रमाणे बदलतो आणि शरीराचा भार त्याच्यावर कधीच पडत नाही. याउलट मांडीच्या व दंडाच्या हाडांना तो भार पेलावा लागतो, म्हणून त्यांच्या दांड्याचा घेर किंवा सांध्याची रुंदी वस्तुमानाशी अधिक थेट जोडलेली असते. हाडे उपलब्ध असतील तेथे त्यांनाच अग्रक्रम देणे योग्य वाटते. मात्र सुटे हाड नेमके कोणत्या जातीचे हे ठरविणे पुष्कळदा अशक्य असते. शिवाय अपूर्ण वाढीच्या प्राण्याचे हाड प्रौढाचे समजले गेल्यास अनुमान खाली घसरते. चिचुंद्रीच्या तुलनेत छछुंदराच्या (जमिनीखाली बिळे खोदणाऱ्या मोल या प्राण्याच्या) दंडाचे हाड खोदकामासाठी विलक्षण रुंद झालेले असते, त्यामुळे चालणाऱ्या प्राण्यांवरून मांडलेले समीकरण त्याला लावता येत नाही. बेटांवरील प्राण्यांबाबतही तशीच सावधगिरी लागते: मिनोर्का बेटावरील नुरालागस रेक्स या सशाचे वस्तुमान 2011 मध्ये सुमारे 12 किग्रॅ. सांगण्यात आले, परंतु त्याची शरीररचना मुख्य भूमीवरील सशांपेक्षा बरीच निराळी होती.

लॉगरिथममधून मूळ एककात परतताना सरासरी कमी येते, याकडे 1993 मध्ये रिचर्ड स्मिथ यांनी लक्ष वेधले. प्रमाण त्रुटी (समीकरणाच्या अंदाजांची प्रत्यक्ष मूल्यांपासूनची सर्वसाधारण फारकत) नैसर्गिक लॉगरिथममध्ये 0.3 असेल तर नेहमीचा सुधारणा-गुणक (ही उणीव भरून काढण्यासाठी अनुमानाला ज्याने गुणतात तो आकडा) सुमारे 1.05 येतो, म्हणजे दोष किरकोळ असतो. पण ती 0.5 झाली की तोच गुणक 1.13 होतो. याहून मोठी बाब म्हणजे अनिश्चिततेचा पल्ला. 0.3 प्रमाण त्रुटीने 40 ग्रॅ. हे अनुमान निघाले, तर दुप्पट त्रुटीच्या मर्यादांत ते 22 पासून 73 ग्रॅ.पर्यंत कोठेही असू शकते. हा पल्ला न देता छापलेला एकच आकडा वाचकाला फसवतो.

समीकरण ज्या आकारांवर बेतले आहे त्यांच्या पलीकडे ते ताणले की धोका वाढतो. उरुग्वेतील जोसेफोआर्टिगासिया या प्रचंड कृंतकाचे वस्तुमान 2008 मध्ये कवटीवरून सुमारे 1,000 किग्रॅ. ठरविण्यात आले, आणि त्याच वर्षी व्हर्जिनी मिलिएन यांनी फेरतपासणीत ते सुमारे 350 किग्रॅ.वर आणले. लहान टोकालाही हाच प्रश्न येतो: वायोमिंगमधील आद्य इओसीन काळातील बॅटोडोनॉइडिस व्हॅनहाउटेनी या चिचुंद्रीसारख्या लुप्त प्राण्याला दातांवरून सुमारे 1.3 ग्रॅ. वस्तुमान देतात, पण आजची सर्वांत हलकी एट्रुस्कन चिचुंद्रीही साधारण 2 ग्रॅ. भरते, म्हणून तुलनेस तितका लहान जिवंत प्राणीच नाही.

मध्यजीव महाकल्पातील (डायनोसॉरांच्या काळातील) गटांबाबत आधार आणखी विरळ होतो. मल्टिट्युबरक्युलेट या कृंतकांसारख्या दिसणाऱ्या लुप्त सस्तन गटाचे कोणतेही वंशज उरलेले नाहीत, त्यामुळे त्यांच्यासाठी कोणत्या जिवंत गटाचे समीकरण वापरावे याबद्दल एकवाक्यता नाही. चीनमधील ल्युफेंग येथील पूर्व जुरासिक काळातील हॅड्रोकोडियम या सस्तनसदृश लहान प्राण्याला सुमारे 12 मिमी. लांबीच्या कवटीवरून 2 ग्रॅ.च्या आसपास वस्तुमान देण्यात आले आहे.