खसखशीचा दाणा आणि ॲक्सोलॉटलचा घास

‘चालणारा मासा’ म्हणून ॲक्सोलॉटलचे व्हिडिओ सध्या मोबाइलवर फिरतात. तो मासा नाही आणि पाण्यातली पालही नाही. पालीच्या अंगावर खवले असतात. याची कातडी बेडकासारखी उघडी आणि ओली. पालीसारखा दिसणारा प्राणी विषारीच, हा समज तर सरळ खोटा. हा सॅलॅमँडर गटातला उभयचर, मूळचा मेक्सिको सिटीतल्या सोचिमिल्कोच्या कालव्यांतला. आपल्या मराठवाड्यात या गटातले कोणी नाही. भारतात ते पूर्व हिमालयात आणि ईशान्येच्या डोंगरांतच सापडतात.

व्हिडिओत एक वाक्य हमखास ऐकू येते: पाय तुटला तरी नवा उगवतो, म्हणजे याला मरण नाही. पाय उगवतो हे खरे. पण सोचिमिल्कोत १९९८ साली चौरस किलोमीटरमागे सुमारे ६,००० ॲक्सोलॉटल होते, २०१४ च्या मोजणीत ३६ उरले. बाहेरून आणून सोडलेले कार्प आणि तिलापिया मासे अंडी-पिल्ले खातात, हे एक कारण. दुसरे कारण पाणी. पाय उगवायलाही पोटात घास जावा लागतो, आणि घाण पाण्यात नेमका घासच चुकतो.

ॲक्सोलॉटल भक्ष्य ओढून घेतो. तोंड उघडता उघडता घशाच्या तळाचा सांगाडा खाली खेचला जातो, तोंडातली पोकळी एकदम वाढते, आतला दाब कमी होतो आणि भक्ष्यासकट पाणी आत शिरते. सगळा खेळ साधारण सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याचा.

घरी करून पाहा. काचेच्या वाटीत पाणी घेऊन रात्रभर भिजवलेली खसखस तळाशी बसू द्या. सुई काढलेल्या २० मिलिलिटरच्या सिरिंजमध्ये थोडे पाणी ओढून आतली हवा पूर्ण बाहेर काढा. हवा राहिली तर दट्ट्या ओढताना तीच ताणली जाते आणि झटका मरतो. टोक दाण्याला जवळजवळ टेकवून दट्ट्या झटक्यात ओढा, दाणा आत. आता टोक बोटभर दूर धरून तेवढाच झटका द्या. दाणा जागचा हलत नाही.

कारण पाणी फक्त समोरून येत नाही, सगळ्या बाजूंनी येते. तोंडाच्या रुंदीइतक्या अंतरावर तेच पाणी गोलाच्या पृष्ठभागावर पसरलेले असते. त्या गोलाचे क्षेत्रफळ तोंडाच्या सोळा पट, म्हणून वेग सोळावा हिस्सा. अंतर दुप्पट केले की वेग आणखी चौथाई. विहिरीतल्या फूट-व्हॉल्व्हला लगतचा पाला चिकटतो आणि दोन हात लांबचा तरंगत राहतो, तो याच हिशेबाने.

म्हणजे भक्ष्य तोंडाशी आल्याचे अचूक कळले पाहिजे. डोळे मुळात अधू. गढूळ पाण्यात तेही गेले. उरतो वास आणि अंगावरच्या बारीक संवेदी ठिपक्यांची रांग, जी पाण्याची हालचाल टिपते. मोसंबीच्या डिंक्या रोगावर लावतात त्या बोर्डो मिश्रणातल्या मोरचुदाचे तांबे पाण्यात उतरले की नेमक्या याच संवेदी पेशी मरतात, हे माशांवरच्या प्रयोगांत दिसले आहे. उभयचरांच्या पेशी त्याच जातीच्या.

मग अमोनिया. सांडपाण्यातला सगळा अमोनिया सारखा विषारी नसतो. २५ अंश सेल्सिअसला सामू (पीएच) ७ असेल तर त्याचा जेमतेम अर्धा टक्का भाग कल्ल्यांतून आत शिरणाऱ्या विषारी रूपात असतो, सामू ८ झाला की पाच टक्क्यांवर, ९ झाला की ३६ टक्के. हिरव्यागार पाण्यात शेवाळ दिवसभर कार्बन डायऑक्साइड ओढून घेते, त्यामुळे सामू दुपारनंतर चढतो. सकाळी घेतलेला नमुना म्हणून फसवा. अमोनियाने प्राणी सुस्तावतो, खाणे सोडतो. खाल्लेच तर झटका मंद पडतो. दट्ट्या सावकाश ओढून पाहा, टोकाशी असलेला दाणाही राहून जातो.

रात्री उलटे. शेवाळ आणि जिवाणू प्राणवायू संपवतात, आणि ॲक्सोलॉटलला हवा घ्यायला वारंवार वर यावे लागते. शिकारीची वेळ तीच. पिल्लांचे हाल वेगळे: त्यांना हलणारे, जिवंत, तोंडात मावेल एवढेच खाद्य लागते, म्हणजे डाफ्नियासारखे पाणपिसू. क्लोरपायरीफॉससारख्या कीटकनाशकाचा लिटरमागे एखादा मायक्रोग्रॅमसुद्धा डाफ्नियाला पुरतो. पिल्लू विषाने मेले नाही तरी उपाशी मरते.

सोचिमिल्कोत आता मेक्सिकोच्या राष्ट्रीय स्वायत्त विद्यापीठाचे संशोधक आणि तिथले चिनाम्पा, म्हणजे पाण्यातल्या बेटांवरची शेती करणारे शेतकरी शेतालगतच्या छोट्या कालव्यांची तोंडे गाळण्या लावून बंद करतात. कार्प-तिलापिया बाहेर राहतात, गाळ आणि घाण पाणवनस्पतींत अडकते. बंदिस्त जागेत वाढवलेले १८ ॲक्सोलॉटल अशा एका कालव्यात आणि एका कृत्रिम पाणथळीत सोडल्याचे निष्कर्ष २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांतले जे पुन्हा पकडून तोलले, त्यांचे वजन वाढले होते.