शंभर-नव्वदचा बल्ब, रिले आणि काळा पट्टा

नागपुरात गाडीच्या हेडलाइटचा उजेड वाढवायची गोष्ट निघाली की पहिला आकडा तोंडात येतो तो ‘शंभर-नव्वद’. अप्परला, म्हणजे लांबच्या उजेडाला १०० वॅट; डिप्परला, म्हणजे खाली वळवलेल्या उजेडाला ९०. कंपनीतून येतो तो एच-फोर, म्हणजे अप्पर-डिप्परच्या दोन तारांचा हॅलोजन बल्ब, ६०/५५ चा. हा त्याच मापाचा, मागे त्याच तीन धातूच्या पत्त्यांचा (वीज जोडायच्या पट्ट्यांचा), त्याच होल्डरमध्ये बसणारा. खोक्यावर बारीक अक्षरांत ‘सार्वजनिक रस्त्यासाठी नाही’ अशा अर्थाची ओळ असते, ती घेणारा वाचत नाही आणि विकणारा वाचून दाखवत नाही.

या आकड्याची गोडी इथे का लागली, त्याचं उत्तर बऱ्याच अंशी रस्त्यांत आहे. देशाचे दोन मोठे महामार्ग नागपुरात एकमेकांना छेदतात, तेव्हाचे ६ आणि ७, आताचे ५३ आणि ४४. चौपदरीकरणाआधी शहराची हद्द ओलांडली की दिवे संपायचे, मध्ये दुभाजक नाही, आणि समोरून येणारा ट्रक थेट डोळ्यांत उजेड ओतत यायचा. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की लांबचा प्रवास ऊन उतरल्यावरच सुरू व्हायचा. वातानुकूलन नसलेल्या गाडीत दुसरा इलाज नव्हता. मनसर सोडून देवलापार, खवासाकडे जाताना किंवा उमरेड-भिवापूरमार्गे ताडोबाच्या बाजूला वळताना रस्त्यात रानडुक्कर, नीलगाय कधी उभी राहील याचा नेम नसे. अशा रस्त्यावर मूळ दिवे अपुरे पडत, ही तक्रार खोटी नव्हती. तिच्यावरचा उपाय मात्र बहुतेकांनी चुकीच्या टोकाने धरला.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात. बल्बमधल्या तप्त टंगस्टन तारेची वाफ काचेवर बसून काच काळी पडू नये म्हणून बल्बमध्ये आयोडीनसारखा हॅलोजन वायू भरायचा, म्हणजे ते टंगस्टन फिरून तारेवर येतं, या कल्पनेचं अमेरिकी पेटंट १९५९ चं. १९६२ मध्ये युरोपात एका तारेचा एच-वन हा गाड्यांचा पहिला हॅलोजन बल्ब आला. अप्पर आणि डिप्पर एकाच बल्बमध्ये देणारा एच-फोर १९७१ च्या सुमारास आला. आपल्याकडच्या सात इंची गोल दिव्यांच्या गाड्यांत मात्र त्यानंतरही कित्येक वर्षं सील्ड बीम किंवा ४५/४० वॅटचे साधे बल्ब चालू होते. सील्ड बीम म्हणजे काच, रिफ्लेक्टर आणि तार एकत्र बंद केलेला दिवा; तो गेला की अख्खा दिवाच बदलायचा. तेव्हा ज्यांनी तो काढून त्याच मापाचा काचेचा दिवा आणि ६०/५५ चा हॅलोजन बसवला, त्यांना खरोखरच जादू झाल्यासारखं वाटलं. त्या एका बदलात फरक मोठा होता. नव्वदच्या दशकात नव्या गाड्या एच-फोर घेऊनच आल्या आणि लोकांना पुन्हा तशीच उडी हवी झाली. ती १००/९० मध्ये शोधली गेली.

इथे हिशेब करून पाहायला हवा. १२ व्होल्टवर ६० वॅटचा बल्ब ५ अँपिअर ओढतो, १०० वॅटचा ८ च्या वर. दोन बल्बांचे झाले जवळपास १७. बऱ्याच गाड्यांत हा सगळा प्रवाह बॅटरीतून निघून डॅशबोर्डच्या स्विचमधून, तिथून स्टिअरिंगच्या डिप्परच्या दांडीतून फिरून मग बल्बपर्यंत जायचा. कंपनीने तार मोजून दिलेली, ६०/५५ पुरती. परिणाम बॉनेट उघडल्यावर दिसायचा. बल्बमागचा पांढरा कपलर, म्हणजे तारा जोडायचा प्लास्टिकचा तुकडा, आधी पिवळट, मग चहाच्या रंगाचा, आणि एके दिवशी पत्तीभोवती वितळून बल्बलाच चिकटलेला. ओढला तर अर्धा हातात, अर्धा बल्बवर. डिप्परची दांडी गरम लागू लागली तरी लोक गाडी चालवत राहायचे, कारण उजेड होता ना! रिफ्लेक्टरवरचा, म्हणजे बल्बमागच्या आरशावरचा चंदेरी थर या उष्णतेने मंदावत जायचा, आणि वर्षभरात १००/९० चा उजेड पूर्वीच्या ६०/५५ पेक्षाही मिणमिणता व्हायचा. तेव्हा मग १३०/१०० ची चौकशी सुरू.

नागपूरलगतच्या वाडीच्या ट्रान्सपोर्टवाल्यांकडे हा त्रास तुलनेने कमी होता. ट्रकची यंत्रणा २४ व्होल्टची, मूळ एच-फोरच ७५/७० वॅटचा, आणि व्होल्टेज दुप्पट असल्याने तेवढ्याच वॅटला प्रवाह निम्मा. ट्रकचा झगझगीत उजेड पाहून कारवाल्याने तसाच बल्ब मागायचा आणि वायरिंग जाळून घ्यायची, हा प्रकार इथल्या बॅटरीवाल्यांना पाठ होता.

कोणत्या तरी टप्प्यावर शहाण्या ऑटो इलेक्ट्रिशियननी मीटर लावून पाहायला सुरुवात केली. इंजिन चालू असताना बॅटरीवर १४ च्या आसपास व्होल्ट, आणि त्याच वेळी बल्बच्या पत्तीवर १२, कधी त्याहून कमी. मधले व्होल्ट बारीक तार, जुना स्विच आणि गंजलेली अर्थिंग खात होती. हॅलोजनचं गणित असं की व्होल्टेज जरा घसरलं की उजेड फार घसरतो. ढोबळमानाने उजेड व्होल्टेजच्या साडेतीन घातांकाच्या जवळपास बदलतो. एच-फोरचा ठरलेला उजेड, अप्परला १६५० आणि डिप्परला १००० ल्युमेन (ल्युमेन हे उजेडाचं माप), हा १३.२ व्होल्टवर मोजलेला आहे. पत्तीवर १२ व्होल्टच पोचले तर त्यातला पाव हिस्सा, किंबहुना त्याहून थोडा जास्त, जातो. म्हणजे जो उजेड पैसे देऊन विकत घ्यायला निघालो, तो आपल्याच गाडीच्या वायरिंगमध्ये पडून होता.

रिले किट आलं ते यातून. रिले म्हणजे थोड्या प्रवाहाने चालणारा, पण मोठा प्रवाह सोडणारा स्विच. बॅटरीवरून फ्यूजमार्गे जाड तार रिलेच्या ३० नंबरच्या पिनला, ८७ वरून बल्बला, ८५ ला अर्थ, आणि जुन्या कपलरमधून येणारा करंट ८६ ला, फक्त रिले ओढण्यापुरता. सोबत प्लास्टिकऐवजी सिरॅमिकचे होल्डर. स्विचवरचा भार जवळपास शून्य. एवढं करून बल्ब ६०/५५ चाच ठेवला तर उजेडात दिसण्यासारखी वाढ होते, कायद्याला धक्का लागत नाही आणि समोरच्यालाही विशेष त्रास नाही. पण गंमत अशी, की इथे रिले किट विकलं गेलं ते बहुतांशी १००/९० ‘सुरक्षितपणे’ लावता यावा म्हणून. “भाऊ, रिले टाकली ना, आता काही जळत नाही,” हे वाक्य दुकानोदुकानी चाललं. वायर जळत नव्हती, हे खरं. रिफ्लेक्टर आणि समोरच्याचे डोळे त्या हमीत नव्हते.

समोरच्या डोळ्यांची काळजी सरकारी बाजूने ज्या पद्धतीने घेतली गेली, ती या सगळ्या कथेतली सर्वांत वादाची गोष्ट. हेडलाइटच्या काचेवर काळा पट्टा किंवा मधोमध काळा ठिपका. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत ब्लॅकआउट असताना हेडलाइटवर काळा रंग चढायचा, तेव्हा हेतू गाडी वरून दिसू नये हा होता. शांततेच्या काळात तोच रंग ‘समोरच्याला चमक लागू नये’ या कारणासाठी चालू राहिला. अनेक शहरांत मोहिमा निघाल्या, चौकात ब्रश-डबा घेऊन माणसं उभी राहिली. पट्टा नसला तर चालान, असला तर पुढे.

आता एच-फोरच्या आत पाहू. डिप्परच्या तारेखाली धातूची छोटी वाटी असते. तिच्यामुळे डिप्परचा उजेड रिफ्लेक्टरच्या फक्त वरच्या अर्ध्यावर पडतो आणि तिथून खाली रस्त्याकडे वळतो. अप्परच्या तारेला वाटी नाही, ती अख्खा रिफ्लेक्टर वापरते. काचेचा वरचा भाग काळा केला तर त्यात कोण अडकतं? मुख्यतः डिप्पर. अप्परचा खालचा अर्धा उजेड तसाच सुटतो. म्हणजे जो सभ्यपणे डिप्परवर चालवतो त्याचा रस्ता अंधारात, आणि दिसेना म्हणून तो अप्परवर जातो. चमक कमी करायला काढलेल्या उपायाने अप्पर वापरायचं आमिष दाखवलं. मधला ठिपका तर निव्वळ कुंकू. एच-फोरच्या टोकाला आधीच काळा लेप असतो, थेट समोर जाणारा उजेड तिथेच अडलेला असतो.

पट्ट्याच्या बाजूनेही बोलण्यासारखं आहे. सील्ड बीमच्या काळात बहुतेक दिव्यांच्या दोन्ही तारा पूर्ण रिफ्लेक्टर वापरत, त्यामुळे पट्ट्याने एकूणच उजेड आणि त्यासोबत चमक कमी होत असे. चौकात उभ्या माणसाला प्रत्येक गाडीचा फोकस तपासणं शक्य नव्हतं, रंग मात्र दुरून दिसायचा. अंमलबजावणीची सोय म्हणून तो समजता येतो. पण जुलै १९८९ मध्ये नवा मोटार वाहन कायदा लागू झाला तेव्हा केंद्रीय नियमांत कसोटी स्पष्ट होती. दिव्यापासून ८ मीटर समोर, दिव्याच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाजूला आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे आहेत, त्याला चमक लागता कामा नये, असा दिवा खाली वळवलेला हवा. ही दिव्याच्या कलाची कसोटी आहे. ती तपासायला एक भिंत, खडू आणि हेडलाइटमागचे दोन स्क्रू पुरतात. मोहिमा स्क्रूच्या काढल्या असत्या तर नागपूरच्या रात्री कितीतरी सुसह्य झाल्या असत्या. मागच्या सीटवर तीन माणसं आणि डिकीत सामान भरलं की कोणत्याही गाडीचं तोंड वर होतं, आणि कायदेशीर ६०/५५ सुद्धा समोरच्याला आंधळं करतो. वॅटवर ओरडणाऱ्यांनीही याकडे फारसं पाहिलं नाही.

पट्टा नाहीसा झाला तो कोणी चूक मान्य केल्यामुळे नव्हे. गोल काच जाऊन पॉलिकार्बोनेटचे वेडेवाकडे, पारदर्शक दिवे आले आणि कुठे रंगवायचं हेच कळेना. नागपूरच्या उन्हाने ते दिवे काही वर्षांत पिवळे-धुरकट होऊ लागले, हा नवा प्रश्न. त्यावर पॉलिश हा उपाय स्वस्त आणि परिणामकारक असताना, लोक पुन्हा बल्बच बदलत राहिले.

बल्ब तरी किती तऱ्हेचे. निळसर काचेचे ‘सुपर व्हाइट’ आले. निळा लेप उजेडाचा काही भाग गिळतो, पण पांढरा दिसतो म्हणून जास्त वाटतो, आणि पावसात ओल्या डांबरावर त्याची फजिती होते. ‘१३० टक्के जास्त’ वगैरे छापलेले ६०/५५ चे बल्बही आले. यांत फसवणूक नाही, फक्त मोजणी सोयीची. वाढ रस्त्यावरच्या ठरावीक बिंदूवर आणि किमान मानकाच्या तुलनेत मोजलेली असते, एकूण ल्युमेन त्याच चौकटीत राहतात. तार बारीक आणि अचूक जागी असते, म्हणून आयुष्य कमी. माझ्या मते रिले आणि नीट फोकस यांच्या जोडीला पैसे घालायचेच असतील तर या बल्बांत घालावेत. त्यानंतर ३५ वॅटच्या एचआयडी किटची, म्हणजे तारेऐवजी वायूतल्या विजेच्या ठिणगीने उजळणाऱ्या दिव्यांची लाट आली. हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये तो लावला की उजेडाची कड फिसकटते आणि झाडाच्या शेंड्यापर्यंत सगळं उजळतं, रस्ता सोडून.

आता किट एलईडीचं असतं. जर्मनीत हॅलोजनच्या जागी बसणाऱ्या एलईडी बल्बाला २०२० मध्ये रस्त्यावर परवानगी मिळाली, तीही तपासलेल्या ठरावीक मॉडेलपुरती. आपल्याकडे दुचाकींना एप्रिल २०१७ पासून हेडलाइट कायम चालू ठेवणं आलं आणि नव्या गाड्यांत मूळचेच एलईडी दिवे वाढले. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला की नोंदणीपुस्तिकेतला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल चालणार नाही. बल्बचे वॅट त्या पुस्तिकेत नसतात, म्हणून ‘आपल्याला लागू नाही’ असा युक्तिवाद लगेच सुरू झाला. त्याच वर्षीच्या मोटार वाहन कायद्याच्या दुरुस्तीने त्यातली बरीच हवा काढली. सुटे भाग बसवून केलेल्या, परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही.

डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाला. १२० च्या मर्यादेला डिप्परच्या टप्प्यात थांबणं अवघड, त्यामुळे उजेडाची मागणी पुन्हा वाढली आणि ‘समृद्धीसाठी लाइट’ मागणारी गिऱ्हाइकं दुकानात येऊ लागली. जुनं रिले किट मात्र आता सगळ्याच गाड्यांत बसत नाही. अनेक नव्या गाड्यांत दिव्याचं व्होल्टेज संगणक तुकड्यातुकड्यांत नियंत्रित करतो. त्यावर साधी रिले लावली तर ती थरथरते, दिवा लुकलुकतो, डॅशबोर्डवर बल्ब गेल्याची खूण येते. अशा गाड्यांना कंपनीच्याच मापाचा बल्ब, स्वच्छ काच आणि स्क्रूवर दोन-तीन आटे, इतकंच हाती उरतं.