मेंढरू लांडग्यानं मारलं की कुत्र्यांनी? आधी नरडं बघा

रात्री मेंढपाळांच्या वाड्यावर, म्हणजे माळावरच्या मुक्कामावर, मेंढरं मेली की सकाळी सगळ्यांच्या तोंडी एकच नाव असतं: लांडगा. दौंड, बारामती, इंदापूरच्या माळांवर जनावरांचा डॉक्टर म्हणून फिरताना हे इतक्यांदा ऐकलंय, की आता मेलेल्या मेंढराचं नरडं बघितल्याशिवाय मी कुणाचंच नाव घेत नाही.

दिसण्यातल्या फरकात फार वेळ घालवत नाही. कुत्रं तुम्ही रोज बघता. लांडगा त्याच्यापेक्षा उंच पायांचा, छातीला अरुंद, आणि शेपूट कधी पाठीवर वळवत नाही. पण रात्री बॅटरीच्या उजेडात दिसतात ते नुसते चमकणारे डोळे. रंगाचाही भरवसा नाही, कारण पुण्याजवळच्या माळावर लांडगा आणि कुत्र्याचा संकर झाल्याचं 2023 साली जनुकीय तपासणीतून सिद्ध झालंय. ठशांचंही तेच. आपला लांडगा साधारण 20 किलोचा, आणि दांडग्या गावठी कुत्र्याचा पंजा तेवढाच भरतो.

गोम आहे ती चाव्यात. लांडगा खाण्यासाठी मारतो. मेंढरू तो बहुतेक वेळा नरड्याला धरतो, आणि कोकरू असलं तर उचलूनच नेतो, मागे लोकरीचा पुंजका तेवढा राहतो. मोकाट कुत्र्यांना मेंढरं पळताना बघून चेव चढतो. ती मागून लागतात. फरे म्हणजे मागच्या मांड्या, कास, शेपटाचं मूळ, कान, जिथं तोंड पोचेल तिथं लचके तोडतात. दहा-बारा मेंढरं फाडलेली, त्यातली निम्मी अजून धापा टाकतायत आणि मांस कुणी फारसं खाल्लेलंच नाही, असं दिसलं तर हे काम कुत्र्यांचंच, असं मी धरतो. नुसत्या आकड्यावर मात्र जाऊ नका. कोंडलेल्या कळपात शिरलेला लांडगाही एकाहून जास्त मेंढरं मारू शकतो.

म्हणून कातडी सोलून बघायचं. बाहेरून लोकरीत सुळ्यांची भोकं दिसत नाहीत, आतून दिसतात. जिवंतपणी चावा बसला असेल तर भोकाभोवती कातडीखाली रक्त साकळून काळंनिळं झालेलं असतं. मेल्यावर कुणी खाल्लं असेल तर तिथं रक्त साकळलेलं नसतं.

एकदा पावसाळ्याच्या तोंडावर एका वाड्यावर मला बोलावलं. मेंढीचं पोट फाडलेलं, आतडी बाहेर. "लांडगाच आहे डॉक्टर, पोरानं बघितला." मी ब्लेडनं नरड्याची कातडी उभी चिरली, दोन्ही बाजूंनी सोलली. आतून स्वच्छ पांढरी. फऱ्यांवरही रक्ताचा डाग नाही. ती मेंढी रात्री आधीच मेली होती, माझ्या मते आंत्रविषारानं, म्हणजे आतड्यात विष तयार होणाऱ्या रोगानं, आणि नंतर कुणीतरी येऊन खाल्ली होती. त्या कळपाला या रोगाची लस टोचलेली नव्हती. लांडग्याच्या मागे काठ्या घेऊन पळण्यात त्यांची सकाळ गेली. खरी गरज उरलेल्या मेंढरांना लस टोचायची होती.

लांडग्याचं नाव का येतं, तेही मला कळतं. वन्यप्राण्यानं मारलं तर वनविभाग भरपाई देतो, मोकाट कुत्र्यांनी मारलं तर देत नाही. ज्याची दहा मेंढरं गेली त्याला हा फरक जीवघेणा वाटतो, आणि त्याचा राग खराच आहे. पण खोट्या नावानं पुढे विष घातलं जातं. त्यात राखणीची कुत्रीही मरतात. शिवाय लांडगा 1972 च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्याला मारणं गुन्हा आहे. खरोखर लांडग्यानं मारलं असेल तर 48 तासांच्या आत कळवा आणि पंचनामा होईपर्यंत मढं हलवू नका.

बातम्यांत मोकाट कुत्र्यांना "रानकुत्री" लिहितात, ते तर बंदच करा. रानकुत्रा म्हणजे कोळसून, जंगलातला वेगळा वन्यप्राणी. गावच्या उकिरड्यावर वाढलेलं कुत्रं ते नव्हे.

उपायही दोघांचे वेगळे. लांडग्यासाठी वाघर, म्हणजे कळपाभोवतीची जाळी, ताठ लावा, कोकरं रात्री डालाखाली, म्हणजे मोठ्या टोपलीखाली, झाका, एक माणूस जागा ठेवा, राखणीची दोन चांगली कुत्री पाळा. कुत्र्यांसाठी मात्र मुळाशी जावं लागतं. ज्या माळाच्या कडेला पोल्ट्रीतल्या मेलेल्या कोंबड्या उघड्यावर टाकतात, तिथं कुत्री पोसली जातात, आणि त्यांची टोळी झाली की वाघरीनं थांबत नाही. तो माल खोल खड्ड्यात चुना टाकून पुरायला ग्रामपंचायतीनं भाग पाडलं पाहिजे, कुत्र्यांची नसबंदी केली पाहिजे. आणि चावा लांडग्याचा असो की कुत्र्याचा, वाचलेल्या मेंढराची जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा, हातात मोजे घाला, आणि रेबीजची लस त्याच दिवशी सुरू करा.