जादा हवेची झडप

अंगठ्याएवढी पितळी तोटी. आत स्प्रिंग, स्प्रिंगवर गोळी, तोंडाशी धूळ अडवायला स्पंजचा तुकडा. क्रँककेसमधली, म्हणजे इंजिनच्या तळाच्या पेटीतली, वाफ इनटेक मॅनिफोल्डकडे (सिलिंडरना हवा पुरवणाऱ्या नळ्यांकडे) नेणारी रबरी नळी मध्येच कापायची, टी-जॉइंट घालायचा आणि त्यावर ही तोटी बसवायची. पाव तासाचं काम. इंजिन चालू झालं की मॅनिफोल्डमधला व्हॅक्यूम गोळी ओढतो आणि फुस्स आवाज करत बाहेरची हवा आत शिरते. ‘पेट्रोल वाचवणारा एअर व्हॉल्व्ह’ या नावाखाली विकल्या गेलेल्या बहुतेक वस्तू थोड्याफार फरकाने अशाच असतात.

कल्पना मुळात लबाडीची नव्हती. हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या सुरुवातीच्या कार्बोरेटरमध्ये एकच जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारी बारीक तोंडाची नळी, असायचा आणि तो एका ठरावीक वेगालाच नीट चालायचा. वेग वाढला की हवेच्या मानाने पेट्रोल जास्त ओढलं जायचं आणि मिश्रण दाट व्हायचं. पॅरिसच्या पानार ए लव्हासोर कंपनीतले इंजिनिअर आर्थर क्रेब्स यांनी १९०२ मध्ये यावर उपाय काढला. व्हॅक्यूम वाढला की पडदा हलायचा आणि जादा हवेची वाट आपोआप उघडायची. पुढे कार्बोरेटरच्या पोटातच हवेची बारीक छिद्रं आली आणि वेगळ्या झडपेचं काम संपलं. निदान संपायला हवं होतं.

पण कार्बोरेटर हे हाताने जुळवायचं यंत्र. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. जेट झिजला, फिल्टर तुंबला, पेट्रोलची पातळी राखणारा फ्लोट अडकला की हे गणित बिघडायचं. प्लग काजळायचे, सायलेन्सरमधून पेट्रोलचा वास यायचा. आपल्याकडे पद्मिनी आणि अँबेसिडरच्या काळात मिस्त्री स्लो रेसवर मिक्श्चरचा स्क्रू आवळत जायचा, इंजिन अडखळलं की जरासा सोडायचा आणि कान देऊन थांबायचा. अशा बिघडलेल्या, दाट मिश्रणावर चालणाऱ्या गाडीला जादा हवा दिली तर फरक खरोखरच पडू शकतो. मात्र जे स्क्रूड्रायव्हरने होतं, त्यासाठी तोटी विकत घ्यायचं कारण नाही.

या तोटीला सुगीचे दिवस आणले ते अरब देशांच्या तेलबंदीने. ऑक्टोबर १९७३ नंतर काही महिन्यांत कच्च्या तेलाचा भाव पिंपामागे सुमारे तीन डॉलरवरून बाराच्या आसपास गेला. अमेरिकेत पंपांवर रांगा लागल्या, आणि तिथल्या जड, मोठ्या इंजिनांच्या गाड्यांचे मालक कशावरही विश्वास ठेवायला तयार झाले. १९७५ च्या ऊर्जा कायद्याने इंधन वाचवण्याचा दावा करणाऱ्या उपकरणांची तपासणी तिथल्या ईपीए या पर्यावरण संस्थेकडे सोपवली. मिशिगनमधल्या अॅन आर्बरच्या प्रयोगशाळेत गाडी रोलरवर चढवायची, ठरलेल्या वेगाने पळवायची, धूर पिशव्यांत गोळा करायचा. मग उपकरण बसवून पुन्हा तेच. तिथे शंभरहून जास्त उपकरणं तपासली गेली. डोळ्यात भरावी अशी बचत एकानेही दाखवली नाही. काहींनी तर धुरातलं प्रदूषण वाढवलं.

जाहिरातवाल्यांना याची फिकीर नव्हती. जी-आर व्हॉल्व्ह या तोटीसाठी त्यांनी चक्क अंतराळवीर गॉर्डन कूपर यांना उभं केलं, १९६३ मध्ये एकट्याने पृथ्वीच्या बावीस प्रदक्षिणा घातलेला माणूस! फसव्या जाहिरातींवर नजर ठेवणाऱ्या अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनचा आक्षेप सरळ होता: अवकाशात जाऊन आल्याने मोटारीच्या इंजिनातला तज्ज्ञ होता येत नाही. १९७९ मध्ये कूपर यांच्याशी संमतीचा आदेश, म्हणजे दोन्ही बाजूंनी मान्य केलेला तोडगा, झाला.

बॉल-मॅटिक या दुसऱ्या तोटीची गोष्ट आणखी लांब गेली. गेल्या दहा वर्षांतला सर्वांत मोठा शोध, प्रत्येक गाडीला हवाच, अशी तिची जाहिरात. पुरावा म्हणून समाधानी ग्राहकांची पत्रं. ‘आमचं अॅव्हरेज वाढलं’ सांगणारे सगळे खोटं बोलतात असं मला वाटत नाही. नवी वस्तू बसवली की माणूस अॅक्सिलरेटर जपून दाबतो, टायरमधली हवा तपासतो, आणि टाकी ते टाकी हिशोबात लिटर-दीड लिटरची चूक सहज होते. कमिशनने १९८४ च्या क्लिफडेल असोसिएट्स निकालात असली पत्रं शास्त्रीय चाचणीच्या जागी मानायला नकार दिला. फसव्या जाहिरातीची कसोटी म्हणून हा निकाल अमेरिकी कायद्याच्या वर्गात आजही शिकवतात. पेट्रोल वाचलं नसेल, पण त्या गोळीने कायदा घडवला.

दरम्यान गाडीच बदलत होती. बॉशचा लॅम्ब्डा सेन्सर १९७६ मध्ये व्होल्वोच्या गाडीत आला. सायलेन्सरच्या वाटेवर बसून तो धुरातला ऑक्सिजन मोजतो आणि इंजिनच्या कॉम्प्युटरला कळवतो. हवा जास्त झाली तर कॉम्प्युटर लगेच पेट्रोल वाढवतो. आपल्याकडे मुंबईसह चार महानगरांत १९९५ पासून नव्या पेट्रोल गाड्यांना धुरातले घातक वायू कमी करणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आले, आणि २००० च्या आसपास एमपीएफआय, म्हणजे प्रत्येक सिलिंडरसाठी वेगळं पेट्रोल फवारण्याची पद्धत, आल्यावर नव्या गाड्यांतून कार्बोरेटर हळूहळू हद्दपार झाला.

अशा गाडीला आज ती तोटी बसवली तर काय होतं? हवा मोजणारा सेन्सर नळीत आधीच्या टप्प्यावर असेल, तर ही हवा त्याच्या मापात येत नाही. मग लॅम्ब्डा सेन्सर चुगली करतो आणि कॉम्प्युटर पेट्रोल वाढवून भरपाई करतो. मॅनिफोल्डचा दाब मोजणारी पद्धत असेल, तर वाढलेला दाब पाहून पेट्रोल आधीच वाढतं, म्हणजे अॅक्सिलरेटर किंचित दाबल्यासारखंच. रेस चढू नये म्हणून आयडल कंट्रोल, म्हणजे उभ्या गाडीच्या इंजिनचा वेग सांभाळणारी हवेची झडप, आपली वाट तेवढी मिटून घेतो. तोटी त्याच्या आवाक्याबाहेर उघडली तर रेस चढूनच राहते, चेक इंजिनचा दिवा लागतो, आणि मेकॅनिक नळीवरचा टी-जॉइंट काढून अखंड नळी घालतो.