श्रेष्ठ चित्रपटांचा दशवार्षिक कौल

श्रेष्ठ चित्रपटांचा दशवार्षिक कौल : ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटचे ‘साइट अँड साउंड’ हे नियतकालिक १९५२ पासून दर दहा वर्षांनी जगभरच्या समीक्षकांचा जो कौल घेते, तो. कोणत्या चित्रपटाला थोर म्हणावे, या जुन्या वादाला सर्वाधिक इंधन याच कौलाने पुरवले आहे.

रीत साधी आहे. प्रत्येक मतदाराने दहा चित्रपटांची नावे द्यायची. त्यांत क्रम धरला जात नाही; दहाही नावांना एकेक मत पडते. थोर कशाला म्हणायचे, हे नियतकालिक ठरवून देत नाही. चित्रपटाच्या इतिहासातले स्थान, कलात्मक उंची की स्वतःवर झालेला परिणाम, हा निकष ज्याचा त्याने निवडायचा. ही मोकळीक हा या कौलातला सर्वांत शहाणपणाचा भाग आहे. मात्र तिच्यामुळेच निकालाचा अर्थ जपून लावावा लागतो. २०१२ मध्ये पहिल्या आलेल्या ‘व्हर्टिगो’ला ८४६ पैकी १९१ मते होती, म्हणजे तीन चतुर्थांशांहून अधिक मतदारांच्या दहांत तो नव्हताच. मोजणीचा नियम बदलला तरी क्रम हलतो. ‘द गॉडफादर’चे पहिले दोन भाग २००२ मध्ये एकत्र मोजले गेले आणि चौथे आले, पुढच्या खेपेला ते वेगळे धरले, तेव्हा पहिल्या दहांत त्यांतला एकही उरला नाही.

पहिल्या कौलात ६३ समीक्षक होते. त्यांनी पहिला ठरवलेला इटालियन दिग्दर्शक डी सिकांचा ‘बायसिकल थीव्ह्ज’ तेव्हा अवघ्या चार वर्षांचा होता. ऑर्सन वेल्स यांचा ‘सिटिझन केन’ (१९४१) त्या दहांत नव्हता. फ्रान्समध्ये तो युद्ध संपल्यावर, १९४६ मध्ये लागला. आंद्रे बाझँसारख्या समीक्षकांनी त्यातल्या खोल चित्रचौकटींवर, म्हणजे जवळचे आणि दूरचे सारखेच स्पष्ट दिसेल अशा चित्रणावर लिहिले, नव्या पिढीने तो त्या नजरेने पाहिला आणि १९६२ पासून २००२ पर्यंत सलग पाच वेळा तो अव्वल राहिला. चित्रपट तोच होता, पाहणारे बदलले होते.

चित्रपट पाहायला मिळणे ही थोरवीची पहिली अट आहे आणि या वादात तिचाच विसर सर्वांत जास्त पडतो. तिला अपवादही आहे. दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक यांनी ‘व्हर्टिगो’सह आपले पाच चित्रपट वितरणातून काढून घेतले होते, ते १९८३-८४ मध्ये पुन्हा पडद्यावर आले. तरीही ‘व्हर्टिगो’ १९८२ मध्येच पहिल्या दहांत शिरला होता. दुर्मीळपणाही कधी कधी कीर्ती वाढवतो.

२०२२ मध्ये मतदारांची संख्या १,६३९ वर गेली आणि बेल्जियन दिग्दर्शिका शांताल अकरमान यांचा ‘जान दिएलमन’ (१९७५) पहिला आला. एका विधवा गृहिणीचे ब्रुसेल्समधले तीन दिवस त्यात २०१ मिनिटांत दिसतात; ती बटाटे सोलते, भांडी घासते आणि कॅमेरा जागचा हलत नाही. स्त्री दिग्दर्शकाचा चित्रपट प्रथमच या स्थानी पोहोचला होता. निकालामागे कलेपेक्षा राजकीय भान अधिक आहे, अशी टीका दिग्दर्शक पॉल श्रेडर यांनी केली. हा आक्षेप एकतर्फी वाटतो. १९५२ चे ६३ समीक्षकही आपापल्या काळाची आणि वर्तुळाची आवड घेऊनच बसले होते. तिला तेव्हा कोणी राजकारण म्हटले नाही, इतकेच. १९९२ पासून दिग्दर्शकांचा वेगळा कौल घेतला जातो. २०१२ मध्ये त्यांनी ‘टोकियो स्टोरी’ला, तर २०२२ मध्ये ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’ला पहिले स्थान दिले.

भारतीय चित्रपटांपैकी सत्यजित राय यांचा ‘पथेर पांचाली’ १९९२ मध्ये समीक्षकांच्या कौलात आणखी तीन चित्रपटांसह सहाव्या स्थानी होता. १९९३ मध्ये लंडनमधल्या एका प्रयोगशाळेच्या आगीत त्याच्या मूळ निगेटिव्हची हानी झाली. पुढे चित्रपटाचे जतनकार्य होऊन तो २०१५ मध्ये नव्याने दाखवला गेला. २०२२ च्या यादीत तो ३५ वा आहे.

फिप्रेस्की या समीक्षक संघटनेच्या भारतीय शाखेने २०२२ मध्ये भारतीय चित्रपटांसाठी असाच कौल घेतला. त्यात ‘पथेर पांचाली’ पहिला आला. ‘शोले’ला दहावे स्थान मिळाले, मराठी चित्रपट दहांत एकही नव्हता. दामले-फत्तेलाल यांचा ‘संत तुकाराम’ (१९३६) व्हेनिसच्या महोत्सवात १९३७ मध्ये गौरवला गेला होता. तुकारामांची भूमिका करणाऱ्या विष्णुपंत पागनीसांचा साधेपणा आणि अभंगांतून पुढे सरकणारी कथा यांच्या जोरावर तो कोणत्याही दहांत शोभला असता. पण मराठी चित्रपट अमराठी मतदारापर्यंत पोहोचायचा, तर चांगली प्रत आणि उपशीर्षके लागतात, शिवाय तो दाखवणारी फिल्म सोसायटी लागते. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये स्थापन झाले, तोवर मूकपटांचा काळ सरून तीस वर्षे होऊन गेली होती. त्या काळातल्या हजाराहून अधिक भारतीय चित्रपटांपैकी आज मूठभरच शिल्लक आहेत. जे नष्ट झाले, त्यांना कोणत्याही कौलात मत पडणे शक्य नाही.