दहशतवादी हल्ला : राष्ट्रीय धोरण व जागतिक राजकारणावरील परिणाम

दहशतवादी हल्ल्यानंतर एखाद्या राष्ट्राची शेजाऱ्यांकडे, कायद्याकडे आणि स्वतःच्या नागरिकांकडे पाहण्याची दृष्टी बदलते व त्याचे पडसाद जागतिक राजकारणात उमटतात. या बदलाची खोली केवळ मृतांच्या संख्येवरून कळत नाही. जे पाऊल उचलणे राज्यकर्त्यांना आदल्या दिवशीपर्यंत अशक्य वाटत होते, ते हल्ल्यानंतर उचलले गेले का, हे पाहावे लागते.

भारतापुरते हे स्थित्यंतर ग्वाल्हेरच्या महाराजपूर हवाई तळाच्या इतिहासात स्पष्ट दिसते. १९९९ च्या कारगिल युद्धात येथील मिराज २००० विमानांनी टायगर हिलवर लेसर-नियंत्रित बॉम्ब टाकले. मात्र नियंत्रण रेषा ओलांडायची नाही, असा सरकारचा सक्त आदेश होता आणि वैमानिकांनी तो पाळला. डिसेंबर २००१ मध्ये संसदेवर हल्ला झाल्यावर सैन्य कित्येक महिने सीमेवर सज्ज राहिले, पण युद्ध झाले नाही. २६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईत सुरू झालेल्या हल्ल्यात १६६ जणांचा बळी गेला, तरीही सीमेपलीकडे कारवाई टाळण्यात आली. त्याऐवजी महिन्याभरात राष्ट्रीय तपास संस्थेचा कायदा संमत झाला, बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायदा अधिक कडक झाला आणि सागरी सुरक्षेची फेरमांडणी सुरू झाली. हा संयम टिकला नाही. २०१६ मध्ये उरीच्या हल्ल्यानंतर नियंत्रण रेषेपलीकडे केलेली कारवाई सरकारने स्वतः जाहीर केली. १४ फेब्रुवारी २०१९ रोजी पुलवामा येथे केंद्रीय राखीव पोलीस दलाचे ४० जवान मारले गेले, तेव्हा २६ फेब्रुवारीच्या पहाटे ग्वाल्हेरहून निघालेल्या मिराज विमानांनी थेट पाकिस्तानातील बालाकोट गाठले. विमाने कारगिलच्या वेळचीच होती. आदेश मात्र उलट होता.

दौलतराव शिंद्यांच्या छावणीतून वाढलेल्या, ग्वाल्हेरमधील ‘लष्कर’ नावाच्या भागात मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत, आणि राष्ट्राच्या धोरणातील हा पालट त्यांच्या दारापर्यंत आला. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगाम येथे २६ जणांची हत्या झाल्यानंतर ७ मे रोजी देशभर नागरी संरक्षणाचा सराव घेण्यात आला. मध्य प्रदेशातून त्यासाठी निवडलेल्या पाच शहरांत ग्वाल्हेर होते. भोंगे वाजले, संध्याकाळी काही मिनिटे दिवे मालवण्यात आले. त्याच दिवशी पहाटे पाकिस्तानविरुद्धची ‘ऑपरेशन सिंदूर’ ही लष्करी कारवाई सुरू झाली होती. पाकिस्तानशी झालेला १९६० चा सिंधू जलकरार, जो १९६५ व १९७१ च्या युद्धांतही अबाधित राहिला होता, तो भारताने त्यापूर्वीच स्थगित केला होता.

जागतिक राजकारणात सर्वांत मोठी उलथापालथ ११ सप्टेंबर २००१ च्या अमेरिकेतील हल्ल्यांनी घडवली. त्यांत सुमारे ३,००० माणसे मरण पावली. एका सदस्यावरील हल्ला हा सर्वांवरील हल्ला मानणारे, नाटो या पाश्चात्त्य लष्करी युतीच्या कराराचे पाचवे कलम तेव्हा प्रथमच लागू झाले. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ठराव क्रमांक १३७३ द्वारे दहशतवादाला होणारा पैशाचा पुरवठा रोखणे सर्व देशांवर बंधनकारक केले. आज बँकेत खाते उघडताना ओळखीच्या कागदपत्रांची जी कसून छाननी होते, तिला ही पार्श्वभूमीही आहे. अफगाणिस्तानातील युद्ध २०२१ पर्यंत चालले. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यांत इराकचा हात असल्याचे कधीच सिद्ध झाले नाही, तरी २००३ मध्ये त्याच्यावर आक्रमण झाले. भयग्रस्त राष्ट्राला चुकीच्या शत्रूकडे वळवणे किती सोपे असते, याचे हे गंभीर उदाहरण आहे. अमेरिकेतच हल्ल्यानंतर चार दिवसांनी ॲरिझोनातील मेसा येथे एका शीख नागरिकाला, त्याची पगडी पाहून, गोळी घालून ठार करण्यात आले.

प्रत्येक राष्ट्र याच वाटेने जाते असे नाही. मार्च २००४ मधील माद्रिदच्या हल्ल्यानंतर तीनच दिवसांनी स्पेनमध्ये सत्तांतर घडवणारे मतदान झाले आणि नव्या सरकारने इराकमधून सैन्य परत बोलावले. २०११ मध्ये ७७ बळी गेल्यावरही नॉर्वेच्या नेतृत्वाने अधिक खुल्या लोकशाहीचा आग्रह धरला, आणि आरोपीवर नेहमीच्याच न्यायालयात खटला चालवला गेला.

दहशतवादाची सर्वमान्य व्याख्या अद्याप ठरलेली नाही. भारताने १९९६ मध्ये मांडलेला सर्वंकष आंतरराष्ट्रीय कराराचा मसुदा याच मतभेदामुळे रखडला आहे. तसेच एकेका व्यक्तीचे नाव सुरक्षा परिषदेच्या निर्बंध यादीत घालण्यासाठी राष्ट्रांना वर्षानुवर्षे झगडावे लागते. ‘जैश-ए-मोहम्मद’ या दहशतवादी संघटनेचा प्रमुख मसूद अझहर याचे नाव चीनने हरकत मागे घेतल्यावर, पुलवामानंतर अडीच महिन्यांनी, १ मे २०१९ रोजी त्या यादीत आले.